९१, ९५ की १००? टाकीत काय भरायचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांचे साधारण सहाशे रुपये वाया घालवले. पुण्यात पेट्रोल भरायला थांबलो होतो. एका नोझलवर '१००' असा मोठा आकडा होता. मी लगेच म्हणालो, "बाबा, हे भरा, गाडी पळेल." आमची गाडी दहा वर्षांची, साधी, टर्बो वगैरे काही नाही. पण कॅडेट मुलगा एवढ्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर बाबांनी दहा लिटर भरले. गाडी होती तशीच चालली. पिकअप तोच, ॲव्हरेज तेच. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पावती डॅशबोर्डवर मला दिसेल अशी ठेवली.

या मे महिन्यात मामांच्या गाडीत बरोबर उलटे घडले. तिथे जास्त आकड्याचे पेट्रोल हवे होते आणि कमी आकड्याचे भरले गेले होते. त्यामुळे सुट्टीतले चार दिवस मी ऑक्टेन या विषयावर घालवले. आमच्या वर्गात निम्म्या मुलांना गाड्यांचे वेड आहे आणि माझ्यासारखाच गैरसमजही बहुतेकांचा आहे, म्हणून लिहितो.

माझे आजोळ कुंभकोणमला. आईकडचे लोक तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी. व्यंकोजीराजांच्या काळात जी कुटुंबे तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांतले एक. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात तमिळ शब्द इतके असतात की मला अधूनमधून आईकडे बघावे लागते. पेट्रोल पंपाला तिकडे सगळे 'बंक' म्हणतात. मामांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी पण जोरदार टर्बो पेट्रोल गाडी घेतली. तिच्यावर त्यांचा फार जीव. संध्याकाळी ते आजीला आणि मला तिरुवलंचुळीला घेऊन निघाले. हे गाव कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर, स्वामीमलैच्या जवळ आहे. कावेरी इथे उजवीकडे वळते म्हणून गावाचे नाव तिरुवलंचुळी. इथला पांढरा गणपती प्रसिद्ध आहे. तो समुद्राच्या फेसाचा बनला अशी कथा आहे आणि म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक करत नाहीत.

गावाच्या थोडे अलीकडे मामांनी सहाव्या गिअरमध्येच एका लॉरीला मागे टाकायला ॲक्सिलरेटर दाबला. बोनेटखालून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसा. दोन-तीन सेकंद. मग गाडी मऊ पडली, ओढेना. लॉरीच्या मागेच राहावे लागले. मामा म्हणाले, "पेट्रोलात भेसळ असणार." देवळाबाहेर झाडाखाली गाडी उभी केली आणि आजी दर्शनाला गेली तेव्हा मी टाकीचे झाकण उघडून आतला स्टिकर वाचला. 'किमान ९५'. टाकीत साधे पेट्रोल होते.

पेट्रोलच्या 'ताकदी'बद्दलचा आपला समज इथे आधी बाजूला ठेवावा लागतो. ९१ चे पेट्रोल आणि १०० चे पेट्रोल यांच्या एका लिटरमध्ये जळून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. ऑक्टेनचा आकडा ऊर्जा सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना पेट्रोल आपोआप पेट न घेता किती तग धरते, ते तो सांगतो.

आपल्याला रेंजवर पहिल्या दिवशी काय शिकवतात? हुकूम होईपर्यंत बोट ट्रिगरवर नाही. इंजिनात हुकूम देणारा स्पार्क प्लग आहे. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबतो, ठरलेल्या क्षणी ठिणगी पडते. तिथून ज्योत पसरत जाते आणि वाढत्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. ज्योत पसरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात कोपऱ्यात उरलेले, अजून न जळलेले मिश्रण दोन्हीकडून सापडते. पिस्टनने ते आधीच दाबलेले असते आणि आता मागून येणाऱ्या ज्योतीचा दाबही त्यावर पडतो. ते इतके तापते की ज्योत पोचायच्या आधीच सगळे एकदम पेटते. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळून मागे-पुढे फिरते. गोट्यांसारखा ऐकू येतो तो या लाटेचा आवाज. याला नॉकिंग म्हणतात.

किती तापते याचा हिशेब दहावीच्या मुलालाही करता येतो. वायू झटकन दाबला तर त्याचे तापमान, केल्विनमध्ये, कॉम्प्रेशन रेशोच्या साधारण ०.३५ व्या घाताच्या पटीत वाढते. रेशो १० धरला तर १० चा ०.३५ वा घात सुमारे २.२४. आत येणारी हवा ४७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३२० केल्विन असेल तर दाबल्यावर ती सुमारे ७१७ केल्विन होते, म्हणजे ४४४ अंश सेल्सिअस. आता मे महिन्यातली दुपार, टर्बोने तापवलेली हवा, आणि आत शिरताना ती ६७ अंश आहे असे धरा. उत्तर येते ४८९ अंश. बाहेर २० अंशांचा फरक, आत ४५ अंशांचा. ज्योतीने भर घातलेली उष्णता यात अजून धरलेलीच नाही. तंजावरच्या उन्हाळ्यात गाडी नॉक करते आणि तीच गाडी त्याच पेट्रोलवर डिसेंबरात करत नाही, याचे कारण एवढ्या गणितात आहे.

टर्बोचे वेगळेपण इथेच आहे. साध्या इंजिनात हवा स्वतःहून जेवढी येईल तेवढीच येते. टर्बो ती आधीच दाबून आत कोंबतो. एक बार जादा दाब म्हणजे जवळजवळ दुप्पट हवा. म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते, आणि म्हणूनच त्या इंजिनाला जास्त तग धरणारे पेट्रोल लागते.

हा आकडा ठरवायची पद्धत मला फार आवडली. अमेरिकेत १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रव निवडले. एक आयसो-ऑक्टेन, जे नॉकिंगला चांगला विरोध करते. त्याला १०० गुण. दुसरे एन-हेप्टेन, जे लगेच नॉक करते. त्याला ० गुण. कॅलिफोर्नियात जेफ्री पाइन नावाचे झाड आहे. त्याच्या चिकातून हे हेप्टेन जवळजवळ शुद्ध मिळत असे. ज्या पेट्रोलची परीक्षा घ्यायची ते एका खास एकसिलिंडरी इंजिनात जाळतात. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो चालू असताना बदलता येतो. ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण जेवढे नॉक करते तेवढेच तुमचे पेट्रोल करत असेल, तर त्याचा आकडा ९१. म्हणजे पेट्रोलात ९१ टक्के ऑक्टेन असते असे नाही! मला दिवाळीपर्यंत तसेच वाटत होते.

परीक्षाही दोन आहेत. एक सौम्य, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर. तिच्या आकड्याला आरओएन म्हणतात. दुसरी कडक, ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून. तिचा आकडा एमओएन. भारतात आणि युरोपात पंपावर आरओएन लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून अमेरिकन व्हिडिओत कोणी '८७ भरतो' म्हणाला तर ते आपल्या ९१-९२ च्या बरोबरीचे असते, आणि तिकडचे ९१ हे आपल्या ९५-९६ च्या आसपास. वर्गातले निम्मे वाद या एका गोष्टीने मिटतील.

आता मामांची गाडी. स्टिकरवर ९५ आणि टाकीत साधे पेट्रोल, एवढ्यावरून मला वाटले की कारण सापडले. पण ते पूर्ण नव्हते. बीएस-६ मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचा आरओएन किमान ९१ आणि प्रीमियमचा किमान ९५. मात्र आता साध्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल नॉकिंगला पेट्रोलपेक्षा बराच जास्त विरोध करते, आणि बाष्पीभवन होताना मिश्रण थंडही करते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने सांगितले की या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा आकडा ९१ वरून ९५ पर्यंत गेला आहे. (इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्याला चालतात का हा आणखी वेगळा प्रश्न. ऑक्टेन वाढले म्हणून ते प्रश्न सुटत नाहीत.) मग ९५ मागणारी गाडी एवढी का वाजावी?

मी मामांना विचारले, "गाडीत काही बदल केलाय का तुम्ही?" ते जरा वेळ गप्प बसले. मग आजी देवळातून अजून आली नाही ना हे पाहून म्हणाले, "कोइमतूरला ईसीयू ट्यून करून घेतलाय. तीन महिने झाले. मामीला सांगू नकोस."

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कंप्यूटर. टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी कधी पाडायची, हे त्यातला तक्ता ठरवतो. ट्यून करणारा हा तक्ता बदलतो. टर्बोचा दाब वाढवतो, ठिणगी थोडी आधी पाडतो. ताकद खरोखर वाढते, पण पेट्रोलची गरजही वाढते. ट्यूनरने दिलेले कार्ड ग्लव्ह बॉक्समध्ये होते. त्यावर स्वच्छ लिहिले होते, 'किमान ९७'. मामांनी ते वाचले नव्हते. तीन महिने ते चेन्नईच्या फेऱ्यांत वरच्या आकड्याचे पेट्रोल भरून आणत होते, म्हणून काही जाणवले नाही. कुंभकोणमच्या ज्या तीन बंकांवर आम्ही नंतर विचारले तिथे ९५ च्या वर काहीच नव्हते.

म्हणजे कंपनीचा स्टिकर हा कंपनीच्या तक्त्यापुरता खरा. तक्ता बदलला की तो स्टिकर खोटा झाला, आणि नवा आकडा झाकणावर कोणीच लिहिला नाही.

लॉरीच्या मागे गाडी मऊ का पडली, तेही इथे समजते. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो म्हणजे एक प्रकारचा कान. सेकंदाला सहा-सात हजार कंपनांच्या आसपासचा तो ठरावीक आवाज आला की ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा पाडतो, टर्बोचा दाब कमी करतो. नॉकिंग थांबते, ताकद जाते. आजच्या गाडीत कमी ऑक्टेनचे पेट्रोल पडले तर लगेच इंजिन फुटत नाही ते याच्यामुळे. पण सेन्सर आवाज ऐकून मग काम करतो. पहिले काही ठोके बसलेलेच असतात.

ते ठोके काय करतात? दुसऱ्या दिवशी आम्ही स्वामीमलैला गेलो होतो. तिथे मेणाच्या साच्यातून काशाच्या मूर्ती ओततात. वितळलेला धातू पाण्यासारखा साच्यात जाताना पाहिला आणि मला पिस्टन आठवला. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. सिलिंडरमधला जळता वायू २,००० अंशांच्या वर. मग पिस्टन वितळत का नाही? एक तर ही उष्णता क्षणभरच असते आणि पिस्टन थंड करायला तेल आणि सिलिंडरची भिंत आहे. दुसरे म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर वायूचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. तो पांघरुणासारखे काम करतो. नॉकिंगची लाट हे पांघरूण ओरबाडून काढते. धातू उघडा पडतो. आधी कडा झिजतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि फार काळ चालले तर भोकही पडते.

सहावा गिअर हीसुद्धा एक चूक होती, आणि ती पैसे न खर्चता सुधारता येते. समजा ज्योत पसरण्याचा काळ म्हणजे क्रँकच्या ४० अंशांची फेरी. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर याला सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात. १,५०० वर ४.४. कमी फेऱ्यांवर कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापून पेटायला दुप्पट वेळ मिळतो. म्हणून मोठा गिअर, कमी फेऱ्या आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर हे तिन्ही एकत्र आले की सर्वात वाईट. चौथा गिअर टाकला असता तर कदाचित आवाज आलाच नसता.

आपल्या मासिकात लढाईचे उदाहरण हवेच. १९४० च्या पूर्वार्धात ब्रिटनच्या फायटर कमांडने स्पिटफायर आणि हरिकेन विमानांसाठी ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे पेट्रोल घेतले. मर्लिन इंजिन तेच. ८७ वर त्याच्या सुपरचार्जरचा जादा दाब चौरस इंचाला सुमारे ६ पौंड ठेवावा लागे आणि ताकद साधारण १,०३० अश्वशक्ती मिळे. १०० वर तोच दाब १२ पौंडांपर्यंत नेता आला आणि खालच्या उंचीवर ताकद १,३०० च्या आसपास गेली. वैमानिकाला हा जादा दाब फक्त पाच मिनिटे वापरायची परवानगी होती. पण पाहा, पेट्रोल बदलल्याने ताकद आपोआप वाढली नाही. दाब वाढवला म्हणून वाढली. पेट्रोलने तो दाब सहन केला, एवढेच त्याचे काम. दाब ६ पौंडच ठेवला असता तर १०० चे पेट्रोल भरूनही मर्लिन तेवढेच चालले असते.

आणि हीच बाबांच्या गाडीची गोष्ट. तिचा तक्ता ९१ साठी लिहिलेला. १०० भरले तरी ठिणगी आणखी आधी पाडायची सोय तिच्यात नाही. वाढवायला टर्बो नाही. १०० चे पेट्रोल भारतात डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने आणले तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ते ज्यांच्यासाठी आणले त्या गाड्या वेगळ्या. महाग पेट्रोलात इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात असे सांगतात. असतीलही, पण तो ऑक्टेनचा गुण नव्हे.

तिरुवलंचुळीला झाडाखाली बसून आम्ही पुढचा विचार केला, कारण दोन दिवसांनी आजीला घेऊन येरकाडला जायचे ठरले होते. सेलमहून वर २० हेअरपिन वळणे, पाच माणसे, सामान आणि मे महिना. उंचीवर हवा विरळ होते तेव्हा साध्या इंजिनाला जरा सोपे जाते, पण टर्बो ती कमी भरून काढतो, म्हणून आमच्या गाडीला त्याचा फारसा फायदा नव्हता. मामांपुढे तीन मार्ग होते.

एक, कुठून तरी १०० चे पेट्रोल आणून मिसळणे. हिशेब सरळ सरासरीचा आहे. टाकीत ९५ चे २० लिटर आणि त्यात १०० चे २० लिटर घातले तर साधारण ९७.५ येते. पण घाटात ते संपल्यावर पुढे काय?

दुसरा, दुकानात मिळणारी ऑक्टेन बूस्टरची बाटली. मामांना हाच आवडला होता. यातली मेख अशी की बाटलीवर '३ पॉइंट' लिहिलेले असले तर बहुधा त्याचा अर्थ ०.३ असतो. एक पॉइंट म्हणजे आकड्याचा दशांश. ९५ चे ९८ होत नाही, ९५.३ होते. शिवाय काही बाटल्यांत लोहयुक्त द्रव्य असते. त्याचा तांबूस थर स्पार्क प्लगवर बसतो. शिशाची आठवण झाली. १९२१ मध्ये थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड सापडले, त्याने नॉकिंग थांबले, आणि ते विष जगभर धुराड्यांतून बाहेर पडत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

तिसरा, ट्यूनरने दिलेल्या डोंगलने कंपनीचा मूळ तक्ता परत टाकणे आणि झाकणावर लिहिलेले ९५ भरणे. मी हाच सुचवला. मामांचा चेहरा पडला. त्यांनी त्या ट्यूनिंगला चांगले पैसे मोजले होते. ते म्हणाले, "मग गाडी पूर्वीसारखीच होईल." तेवढ्यात आजी परत आली होती आणि मागच्या सीटवर बसून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "पूर्वी काय वाईट होती?"

रात्री मूळ तक्ता टाकला. आधी ते साधे पेट्रोल हळूहळू चालवून संपत आणले, मग ९५ चे प्रीमियम भरले. हल्ली साधेही ९५ च्या आसपास असते, मग मुद्दाम प्रीमियम का, असे मामांनी विचारले. घाटात भर उन्हात पूर्ण भरलेली गाडी चढवायची असेल तर छापील किमान ९५ असलेलेच बरे, असे माझे मत होते. एरवी कुंभकोणमच्या सपाट रस्त्यावर मूळ तक्त्याला साधे चालून जाईल. नॉक सेन्सर आहेच. काही गाड्यांच्या पुस्तिकेत 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन आकडे असतात. किमानवर गाडी चालते, शिफारशीवर पूर्ण ताकद देते. दोन आकड्यांमधला निर्णय रस्ता, ओझे आणि ऊन पाहून घ्यायचा. किमानाच्या खाली मात्र कधीच जायचे नाही.

येरकाडचा घाट दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. मी पूर्ण वेळ खिडकी खाली करून कान लावून बसलो होतो, त्यामुळे मामींना वाटले की मला गाडी लागली आहे. विसाही वळणांत एकदाही आवाज आला नाही.

मामांनी ट्यूनिंग कायमचे सोडलेले नाही. चेन्नईला जाताना ते ९७ चा तक्ता टाकतात असा मला संशय आहे. पण आता टाकीच्या झाकणात कंपनीच्या स्टिकरशेजारी एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर पेनने दोन्ही आकडे लिहिले आहेत, कोणत्या तक्त्याला कोणता. मामींनी ती पट्टी पाहिली आणि हे काय म्हणून विचारले. पुढचे मला माहीत नाही, माझी सुट्टी संपली होती.

बाबांना मी पत्रात हे सगळे लिहिले. त्यांचे उत्तर आले. त्यात घरची खुशाली होती, आणि शेवटी एक ओळ: साध्या आणि १०० च्या भावातल्या फरकाला दहाने गुणून येणारी रक्कम तुझ्या पुढच्या खर्चाच्या पैशांतून वजा केली आहे.